बाबांवरची कविता, मुलाच्याच शब्दांत

फादर्स डे जूनच्या तिसऱ्या रविवारी येतो, नेमका आपल्या वाशीम जिल्ह्यात सोयाबीनच्या पेरणीच्या धांदलीत. पहिली-दुसरीतल्या मुलांना नुसतं 'कविता लिही' म्हटलं, तर 'माझे बाबा महान'च्या पुढे गाडी जात नाही. त्यापेक्षा विचारा: बाबांचे हात आज कसे दिसतात? खिशात काय असतं? बाबा जवळ नसतील तर आजोबा, मामा, मोठेबाबा. मग असं काही येतं:

बियाण्याला औषध लावलं,
बाबांचे हात गुलाबी झाले.
आज भाकर आईनं भरवली.

यमक नाही? राहू द्या. लिहिता येत नसेल तर मुलानं सांगावं, आपण लिहावं. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांची गाणी घरच्यांनीच टिपून ठेवली, म्हणून १९५२ साली पुस्तक झालं. आणि 'भाकर'ची 'भाकरी' करू नका!