समुद्र नसलेल्या वाशिमच्या माणसाला शिडाची होडी जुंपणं सोपं का जाईल?

वाशिम जिल्हा आणि समुद्र यांचा संबंध काय? तर काहीच नाही. समृद्धी महामार्गानं सुसाट निघालात तरी मुंबईचा समुद्र दिसेपर्यंत दिवस कलतो. पण पाणी म्हणाल, तर ते आहे. वाशिम शहराची तहान भागवणारा एकबुर्जी जलाशय आहे, कारंज्याकडं अडाण धरण आहे, कारंज्यातच ऋषी तलाव आहे आणि जिल्ह्याच्या अंगाला लागून पैनगंगा वाहते. या पाण्यावर वल्ह्याची होडी दिसते, थर्माकोलचा तराफा दिसतो, पण शिडाची होडी मात्र कुणी मनातही आणत नाही.

कारण आपल्या डोक्यात एक गणित पक्कं बसलंय. शीड म्हटलं की समुद्र आणि समुद्र म्हटलं की कोकण.

हे गणित चुकीचं आहे, हे 2023 च्या सप्टेंबरमध्ये एका शेतकऱ्याच्या मुलीनं दाखवून दिलं. तिचं नाव नेहा ठाकूर. गाव मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातलं, म्हणजे तिथंही समुद्र नाही. ती भोपाळच्या मोठ्या तलावावर, तिथल्या सेलिंग स्कूलमध्ये शिकली आणि चीनमधल्या हांगझोऊ एशियन गेम्समध्ये आयएलसीए-4 या एकट्यानं चालवायच्या छोट्या शिडाच्या होडीत तिनं सिल्व्हर मेडल जिंकलं.

आपल्या जवळचं बघायचं तर वाशिमवरून पूर्णा-नांदेडमार्गे रेल्वेनं हैदराबादला जाता येतं. तिथं हुसेन सागर तलावावर वर्षानुवर्षं शिडाच्या होड्यांच्या शर्यती होतात. पुण्याजवळ खडकवासल्याच्या पाण्यावर एनडीएचे कॅडेट सेलिंग शिकतात. म्हणजे वाशिमचा एखादा पोरगा किंवा पोरगी उद्या एनडीएत गेली, एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये गेली किंवा सुट्टीत एखाद्या शिबिराला गेली, तर तिच्यासमोर एक दिवस सुटे भाग येणार. एक काठी, दुसरी काठी, तिसरी काठी, एक मोठं कापड आणि दोरांचा गुंता. आणि सांगितलं जाणार, ‘चला, होडी तयार करा.’

तर ही होडी तयार कशी करायची, तेच आज बघू.

आधी होडी कोणती ते समजून घ्या

जगभरात लहान मुलांना शिकवायला जी होडी सगळ्यात जास्त वापरतात, तिचं नाव ऑप्टिमिस्ट. 1947 साली अमेरिकेतल्या फ्लोरिडामध्ये क्लार्क मिल्स नावाच्या होडी बनवणाऱ्या माणसानं ती काढली. त्याला सांगितलेलं, की पोरांना आणि बापाला मिळून घरी बनवता येईल अशी स्वस्त होडी दे. प्लायवूडची शीट 8 फुटांची मिळायची, म्हणून होडीची लांबीही 8 फुटांच्या आत बसवली. साधारण 2.3 मीटर लांब, 35 किलो वजन आणि पुढून चपटं नाक. लांबून बघितलं तर अंघोळीचा टबच वाटतो. पण ऑलिंपिकला जाणाऱ्या कितीतरी खेळाडूंची सुरुवात याच टबातून झालेली आहे.

आता थोडे शब्द. होडीची पुढची बाजू म्हणजे नाळ. उभी काठी म्हणजे डोलकाठी. शिडाच्या खालच्या कडेला आडवी असते ती बूम. शिडाचा वरचा मागचा कोपरा तिरका ढकलून धरते ती तिसरी काठी, तिला स्प्रिट म्हणतात. होडीच्या मधल्या फटीतून पाण्यात खाली सोडायची फळी म्हणजे डॅगरबोर्ड. मागे सुकाणू आणि ते फिरवायचा दांडा.

आणि एक शब्द जो मराठी माणसाला हमखास फसवतो, तो म्हणजे शीट. शीट म्हणजे शीड नव्हे. शीड हे कापड आणि शीट हा दोर, जो हातात धरून शीड आवळायचं किंवा सैल सोडायचं. मोठ्या शिडाच्या दोराला मेनशीट म्हणतात. प्रशिक्षक ‘शीट सोड’ म्हणून ओरडला, तर दोर सोडायचा असतो.

बंडी जुंपता येते ना? मग अर्धं काम झालं

बैलबंडी जुंपताना आपण काय करतो? आधी चाकाची खीळ बघतो, जू बघतो, दोर बघतो, बंडी रस्त्याच्या तोंडाला नीट उभी आहे का ते बघतो. बैल आणतो ते सगळ्यात शेवटी. कारण ताकद बैलात आहे. तो जुंपला की बंडी कधीही हलू शकते, मग खीळ शोधत बसायला वेळ मिळत नाही.

शिडाच्या होडीचंही तसंच आहे. यातला बैल म्हणजे वारा लागलेलं शीड आणि कासरा म्हणजे मेनशीट. फरक एवढाच, की या बैलाला ‘हो’ म्हटलं तरी तो थांबत नाही. मोटरबोटीला चावी असते, इंजिन बंद करता येतं. वारा बंद करता येत नाही. म्हणून शीड बंद करायचे दोनच उपाय. एक, होडीचं तोंड सरळ वाऱ्याकडं करायचं. दोन, मेनशीट सैल सोडायची. दोन्हीपैकी काहीही केलं, की शीड झेंड्यासारखं नुसतं फडफडतं आणि त्याची ताकद जाते.

होडी जुंपायचा सगळा क्रम या एका गोष्टीवर उभा आहे.

आता काठावरची जुंपणी

सगळ्यात आधी वारा कुठून येतोय ते बघा. धूर बघा, धूळ बघा, काठावरचा झेंडा बघा, नाहीतर चिमूटभर भुसा हवेत सोडा. मग होडीची नाळ वाऱ्याच्या दिशेनं करून ठेवा. हे केलं नाही, तर शीड चढवताना बूम एकदम फिरते आणि थेट डोक्यात बसते.

दुसरं, मान वर करा आणि विजेच्या तारा बघा. हे गमतीचं नाही. धरणाच्या काठावर, पंपहाऊसजवळ तारा खाली आलेल्या असतात आणि डोलकाठी बहुतेक वेळा ॲल्युमिनियमची असते. ती उभी करायची जागा आणि तिथून पाण्यापर्यंतची वाट, दोन्हीवर एकही तार नको.

तिसरं, होडीचं पोट तपासा. ऑप्टिमिस्टमध्ये हवेच्या तीन पिशव्या पट्ट्यांनी बांधलेल्या असतात. होडीत पाणी भरलं तरी ती बुडू नये, हे काम त्यांचं. त्या पूर्ण फुगलेल्या आहेत का, झाकणं घट्ट आहेत का, पट्टे ओढलेले आहेत का, ते हातानं दाबून बघा. पाणी उपसायचा डबा होडीला दोरीनं बांधलेला हवा, नाहीतर गरज पडेल तेव्हा तो तलावाच्या मध्यावर तरंगत असतो. काही प्रकारच्या होड्यांना मागे पाणी काढायचं बूच असतं. ते लावलं का, हे पाण्यात जायच्या आधी बघायचं असतं.

चौथं, शीड बांधा. डोलकाठी जमिनीवर आडवी ठेवा आणि शिडाची पुढची कड छोट्या दोऱ्यांनी तिला बांधत जा. खालची कड बूमला बांधा. शीड आणि काठी यांच्यात करंगळीच्या जाडीएवढीच फट राहू द्या. शर्यतीच्या नियमांत तर ती 1 सेंटिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. कोपऱ्यांवर सगळ्यात जास्त ओढ बसते, म्हणून तिथं दोरीचे दोन वेढे द्या. गाठ घट्ट हवी, पण परत सुटणारी हवी. ओली झाल्यावर दातानं सोडवावी लागेल अशी गाठ इथं कामाची नाही.

पाचवं, डोलकाठी उभी करा. होडीच्या पुढच्या आडव्या फळीला भोक असतं. त्यातून ती खाली सोडायची आणि तळाच्या खोबणीत बसवायची. हे पहिल्यांदा दोघांनी करा. बसली की तिची कडी किंवा दोरी लावा, मग डोलकाठी दोन्ही हातांनी वर उचलून बघा. उचलली गेली, तर कडी लागलेली नाही. हे तपासलं नाही आणि होडी उलटली, तर काठी भोकातून निसटते आणि फळी फोडून जाते.

सहावं, स्प्रिट लावा. तिचं वरचं टोक शिडाच्या वरच्या मागच्या कोपऱ्यातल्या फासात आणि खालचं टोक डोलकाठीवरच्या दोरीच्या फासात. इथपर्यंत शीड लुळं होतं, आता ते ताठ होतं. दोरी किती ओढायची, हे शिडावरच्या सुरकुत्या सांगतात. डोलकाठीच्या वरच्या बाजूपासून बूमच्या मागच्या टोकाकडं तिरकी सुरकुती पडली, तर स्प्रिट सैल आहे, अजून ओढा. वरच्या मागच्या कोपऱ्यापासून डोलकाठीच्या बुडाकडं सुरकुती आली, तर जास्त ओढलंय, थोडी सोडा. मग बूम वर उचलली जाऊ नये म्हणून तिच्याखालची छोटी दोरी आवळा.

सातवं, मेनशीट ओवा. ती बूमवरच्या कप्पीतून होडीच्या तळातल्या कप्पीत येते आणि तिथून तुमच्या हातात. टोकाला इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गाठ मारा, म्हणजे हात सुटला तरी दोर कप्पीतून निघून जाणार नाही. ओवून झाली की ती सैलच पडू द्या. कुठेही अडकवू नका, पायात गुंता ठेवू नका.

पाण्यात गेल्यावर

लाइफ जॅकेट काठावरच घालायचं आणि सगळे पट्टे लावायचे. पोहता येतं म्हणून जॅकेट नको, हा हिशोब धरणावर चालत नाही.

होडी गुडघाभर पाण्यात न्या. एकानं नाळ वाऱ्याकडं धरून ठेवायची. दुसऱ्यानं मागे सुकाणू बसवायचं आणि त्याची क्लिप ‘टक’ करून लागली का ते बघायचं. डॅगरबोर्डची दोरी होडीला बांधा आणि पाणी पुरेसं खोल झाल्यावरच तो खाली सोडा. उथळ पाण्यात सोडला, तर तो दगडावर आपटतो.

या फळीचं काम काय? वारा होडीला बाजूला ढकलतो, फळी बाजूला जाऊ देत नाही. ओला चिंचोका दोन बोटांत दाबला की तो पुढं सटकतो ना, तसंच. वाऱ्याचा दाब एकीकडून, पाण्याचा दाब दुसरीकडून आणि होडी पुढं निघते. म्हणूनच शिडाची होडी वाऱ्याच्या बाजूलाही जाऊ शकते. फक्त सरळ वाऱ्याच्या तोंडावर नाही. वाऱ्याच्या दिशेच्या दोन्ही बाजूंना साधारण 45 अंश सोडून जावं लागतं आणि मग घाट चढल्यासारखी नागमोडी वळणं घेत पुढं सरकायचं.

निघताना मेनशीट हळूहळू ओढा. शीड फडफडायचं थांबलं, की होडी चालायला लागते. जोराचा झोत आला आणि होडी कलली, तर शीट सोडा. ती हाताला गुंडाळायची नाही, कशाला बांधायची नाही. कासरा मनगटाला बांधून बंडी हाकणाऱ्याचं काय होतं, हे गावाकडं कुणाला सांगावं लागत नाही.

तरी होडी उलटली तर? उलटणारच, शिकताना सगळ्यांची उलटते. तेव्हा काठाकडं पोहत सुटायचं नाही, होडी धरून राहायचं. होडी तरंगत असते आणि शोधणाऱ्याला ती लांबून दिसते. मग खालच्या बाजूला जाऊन डॅगरबोर्डवर वजन टाकायचं, होडी सरळ होते. डबा घ्या आणि पाणी उपसा.

पण हे वाचून थेट एकबुर्जीवर जाऊ नका

एकबुर्जी हा पिण्याच्या पाण्याचा जलाशय आहे. कुठल्याही धरणावर परवानगीशिवाय होडी घालता येत नाही आणि सोबत बचाव होडी नसताना ती घालूही नये. त्यात आपल्याकडं एप्रिल ते जूनमध्ये दुपारनंतर वावटळ आणि विजांचं वादळ बघता बघता येतं. मोकळ्या पाण्यावर उभी धातूची काठी घेऊन बसलेला माणूस तेव्हा सगळ्यात धोक्याच्या जागी असतो. आभाळ भरून आलं की शीड उतरवून काठ गाठायचा, शर्यत असो की सराव.

शिकायचं असेल, तर जिथं प्रशिक्षक आहे आणि बचाव होडी आहे, तिथं जाऊनच शिका. एनसीसीची नेव्हल विंग, भोपाळ, हैदराबाद, मुंबई, गोवा असे रस्ते उघडे आहेत.

1982 च्या दिल्ली एशियन गेम्समधलं सेलिंग मुंबईत झालं होतं. तेव्हा फारुख तारापोर आणि झरीर करंजिया या जोडीनं फायरबॉल प्रकारच्या दोघांच्या छोट्या होडीत भारताला गोल्ड मिळवून दिलं. मुंबईचं पाणी, मुंबईचा वारा. पुढं 41 वर्षांनी देवासच्या पोरीनं तलावावर शिकून सिल्व्हर आणलं. तिच्या गावात आणि आपल्या रिसोड, मानोरा, मंगरूळपीरमध्ये समुद्राच्या बाबतीत काहीच फरक नाही. तिला मिळालेला तलाव, होडी आणि शिकवणारा माणूस, यातला तलाव आपल्याकडं आधीच आहे.