द वेल (ऑनलाइन समुदाय)

द वेल हा अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९८५ साली सुरू झालेला ऑनलाइन चर्चा-समुदाय आहे. 'होल अर्थ लेक्ट्रॉनिक लिंक' या पूर्ण नावाच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. सशुल्क सदस्यत्व आणि खऱ्या नावाशी जोडलेली ओळख ही त्याची प्रमुख वैशिष्ट्ये होत.

स्थापना

'होल अर्थ कॅटलॉग'चे संपादक स्टुअर्ट ब्रँड आणि डॉ. लॅरी ब्रिलियंट यांनी सॉसलिटो येथे वेलची स्थापना केली. ब्रिलियंट यांनी त्यापूर्वी भारतातील देवी निर्मूलन मोहिमेत काम केले होते. सदस्य मोडेम आणि दूरध्वनीच्या साहाय्याने वेलच्या संगणकाशी जोडले जात. चर्चा विषयवार विभागलेली असे आणि प्रत्येक विभागाला एक यजमान असे.

शुल्क

सुरुवातीच्या काळात मासिक वर्गणीखेरीज वापराच्या तासांनुसारही आकारणी होत असे. 'ग्रेटफुल डेड' या संगीतसमूहाच्या चाहत्यांकडून येणारे शुल्क हा उत्पन्नाचा मोठा भाग होता. शुल्कामुळे जाहिरातींवर अवलंबून राहावे लागत नाही आणि केवळ उपद्रवासाठी वारंवार नवी खाती उघडणे महाग पडते. मात्र ज्यांना वर्गणी परवडत नाही, ते चर्चेबाहेर राहतात.

ओळख

सदस्याला लेखनासोबत दिसणारे टोपणनाव हवे तेव्हा बदलता येते. परंतु त्याचे सदस्यनाम कायम राहते आणि त्यावरून इतर सदस्यांना त्याचे खरे नाव पाहता येते. आपल्या लेखनाची मालकी व जबाबदारी सदस्याचीच, हे तत्त्व आरंभापासून स्वीकारण्यात आले. संचालकांवर कायदेशीर दायित्व येऊ नये, हाही त्यामागील एक हेतू होता. अनामिक चर्चेसाठी स्वतंत्र विभाग काढून पाहण्यात आला. परंतु तोतयेगिरी आणि वैयक्तिक हल्ले सुरू झाल्याने तो अल्पावधीतच बंद करावा लागला.

सक्तीच्या पडताळणीशी तुलना

वेलमधील ओळखीचा नियम सदस्य स्वेच्छेने स्वीकारतात. याउलट दक्षिण कोरियाने २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर लिहिणाऱ्यांची ओळख पडताळणे कायद्याने बंधनकारक केले. २०११ मध्ये तेथील एका सायबर हल्ल्यात सुमारे ३.५ कोटी वापरकर्त्यांची माहिती चोरीस गेली आणि अशा माहितीच्या साठ्यांतील धोका उघड झाला. २०१२ मध्ये घटनात्मक न्यायालयाने हा नियम अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग करणारा ठरवून एकमताने रद्द केला. सत्तेवर टीका करणाऱ्यास किंवा छळ सोसणाऱ्यास अनामिकता हे संरक्षण ठरू शकते. त्यामुळे एका लहान समुदायात विश्वास निर्माण करणारा नियम संपूर्ण समाजावर लादल्यास भिन्न परिणाम होऊ शकतात.

प्रभाव व मालकी

हॉवर्ड राइनगोल्ड यांनी १९९३ मधील 'द व्हर्च्युअल कम्युनिटी' या ग्रंथात वेलमधील अनुभवांचे विस्तृत वर्णन केले. १९९० साली स्थापन झालेल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचे संस्थापकही वेलवर सक्रिय होते. १९९९ मध्ये 'सलॉन'ने वेल विकत घेतले. २०१२ मध्ये सदस्यांच्याच एका गटाने ते खरेदी केले. त्यामुळे समुदायाची मालकी त्यात लिहिणाऱ्यांकडेच आली.