लेबलवरचं कॅल्शियम आणि पोटातलं कॅल्शियम

श्रीगोंद्याचं लिंबू शहाबादी फरशीवर पिळून बघा, बारीक फेस येतो. फरशीतलं कॅल्शियम कार्बोनेट आम्लात विरघळतं. कॅल्शियमच्या स्वस्त गोळीतही बहुधा हेच असतं. त्यात ४० टक्के कॅल्शियम, सायट्रेटमध्ये साधारण २१. मग कार्बोनेटच घ्यावं ना?

थांबा! वजन घटवण्याच्या बायपास शस्त्रक्रियेनंतर जठराची छोटी पिशवीच उरते, आम्ल घटतं. म्हणून आम्लाशिवायही शोषलं जाणारं सायट्रेट सुचवतात: दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम, दोन-तीन वेळा विभागून.

कमी पडलं तर शरीर ते हाडांतून काढतं. रक्ततपासणी मात्र नॉर्मल दिसू शकते. म्हणून पॅराथायरॉइड हार्मोनही तपासतात.

तुम्ही संशोधनात आकडा वाचाल तेव्हा आधी विचारा: हा कुठे मोजलाय, गोळीत, रक्तात की हाडात?