भाव दिसतो, व्यवहार दिसत नाही

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात भाचा लॅपटॉप घेऊन घरी आला. नाशिकला नोकरी करतो, पगारदार आहे, विवरणपत्र भरायला दरवर्षी माझ्याकडेच येतो. या वेळी फॉर्म १६ सोबत क्रिप्टोच्या व्यवहारांचे चार पानी स्टेटमेंटही होते. ते त्याने टेबलावर उलटे ठेवले आणि म्हणाला, "मामा, हे दाखवायची गरज नाही ना? मला तर तोटाच झालाय."

गेली तीन-चार वर्षे हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकतो आहे. ही मंडळी अडाणी नाहीत. बिटकॉइनचा कालचा भाव, आजचा भाव, महिन्यापूर्वीचा भाव त्यांना तोंडपाठ असतो. जेवताना, बसमध्ये, रात्री झोपण्यापूर्वी ती आलेख बघतात. पण भाव म्हणजे एक आकडा. कॉइन किती आहेत, कर कशावर लागतो, माल कोणाच्या ताब्यात आहे, यातले काहीच तो आकडा सांगत नाही. गैरसमज तिथेच पिकतात.

"तोटा झाला, मग कर कसला?"

भाच्याला मी व्यवहार तारखेनुसार कागदावर मांडायला लावले. त्याने ८०,००० रुपयांचे इथेरियम घेतले होते. त्याची किंमत १,२०,००० झाली तेव्हा रुपये न घेता ॲपमधल्या ॲपमध्येच ते एका चर्चेतल्या कॉइनमध्ये बदलून घेतले. ते नवे कॉइन घसरत गेले आणि शेवटी घाबरून त्याने ७०,००० रुपयांना विकून टाकले. ऐंशी घातले, सत्तर आले. दहा हजारांचा तोटा. त्याच्या बाजूने हिशेब अगदी बरोबर होता.

आयकर खाते मात्र हे दोन स्वतंत्र व्यवहार मानते. एक कॉइन देऊन दुसरे घेणे ही पहिल्याची विक्रीच. बँकेत एक रुपयाही आला नसला तरी त्या दिवशी ४०,००० रुपयांचा नफा झाला. दुसऱ्या व्यवहारात ५०,००० रुपयांचा तोटा झाला, पण तो पहिल्या नफ्यातून वजा होत नाही. १ एप्रिल २०२२ पासून लागू असलेली तरतूद अशी आहे: क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर. एका कॉइनचा तोटा दुसऱ्या कॉइनच्या नफ्यातून वळता करता येत नाही आणि पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. खर्च म्हणून फक्त खरेदीची किंमत धरली जाते. करमाफीची मूळ मर्यादाही या उत्पन्नाला चालत नाही. म्हणजे चाळीस हजारांवर १२,००० कर, ४८० उपकर, एकूण १२,४८० रुपये. घातलेल्या ऐंशी हजारांतले दहा आधीच गेले होते, त्यावर हे साडेबारा. तेलही गेले, तूपही गेले.

तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसला. मग म्हणाला, "पण टीडीएस तर कापलाय की त्यांनी!" हा आणखी एक घोळ. १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो. तो नफ्यावर नसतो, विक्रीच्या पूर्ण रकमेवर असतो, म्हणून तोट्यात विकले तरी कापला जातो. आणि तो कर नव्हे, कराची आगाऊ रक्कम आहे. भाच्याच्या खात्यात असे साधारण १,९०० रुपये जमा दिसत होते. ते वजा जाऊन साडेदहा हजारांच्या आसपास भरणे बाकी होते. ही कपात पॅनवर नोंदली जाते आणि २६एएस या करनोंदीच्या उताऱ्यात दिसते. तेव्हा स्टेटमेंट उलटे ठेवून काही उपयोग नाही, खात्याला व्यवहार आधीच माहीत असतो. पगारदारांचा नेहमीचा आयटीआर-१ फॉर्मही इथे चालत नाही. आयटीआर-२ किंवा ३ घेऊन प्रत्येक व्यवहार खरेदी-विक्रीच्या तारखांसह भरावा लागतो.

या कायद्याबद्दल माझे मत विचाराल तर तो लहान गुंतवणूकदारावर कठोर आहे. शेअरमध्ये तोटा झाला तर नियमांत बसेल तसा तो वळता करता येतो, आठ वर्षे पुढे नेता येतो. इथे ती दारे पूर्ण बंद आहेत. पण कायदा आवडो न आवडो, तो माहीत असल्याशिवाय सारखी अदलाबदल करणे म्हणजे स्वतःच्या हाताने कर वाढवून घेणे आहे.

"एक रुपया झाला की मी लखपती"

भाच्याच्या स्टेटमेंटमध्ये शिबा इनूही होते. हजार रुपयांत त्याला दहा लाखांहून जास्त कॉइन मिळाले होते. सगळ्या मित्रांनी घेतले होते. त्यांचा हिशेब सरळ होता: बिटकॉइन काही डॉलरवरून लाख डॉलरवर जाते, तर हे बापडे एक रुपया व्हायला काय हरकत आहे?

हरकत संख्येची आहे. शिबा सुरू झाले तेव्हा हजार लाख कोटी कॉइन काढली होती. निम्मी इथेरियमचे जनक व्हिटालिक ब्युटेरिन यांच्या पत्त्यावर पाठवण्यात आली. मे २०२१ मध्ये त्यांनी त्यातली जवळपास ४१० लाख कोटी कायमची नष्ट केली आणि सुमारे ५० लाख कोटी भारतातल्या कोविड मदतनिधीला दिली. दुसऱ्या लाटेतले ते दिवस आपल्यापैकी कोणीच विसरलेले नाही, आणि त्या दानाबद्दल कृतज्ञताच वाटते. एवढी नष्ट होऊनही साधारण ५८९ लाख कोटी कॉइन शिल्लक राहिली.

आता प्रत्येकाची किंमत एक रुपया धरा. एकूण मूल्य ५८९ लाख कोटी रुपये. भारतातल्या सगळ्या शेतांत, कारखान्यांत आणि कचेऱ्यांत मिळून वर्षभरात जे उत्पादन होते ते साधारण साडेतीनशे लाख कोटी रुपयांचे. कुत्र्याच्या चित्राच्या एका कॉइनला आपल्या देशाच्या वार्षिक उत्पादनाच्या दीडपटीहून जास्त मोल यावे लागेल. ऑक्टोबर २०२१ मध्ये शिबाने उच्चांक गाठला, लोकांनी पेढे वाटले, त्या दिवशीही एका शिबाची किंमत एक पैसा झाली नव्हती.

किंमत कमी म्हणजे वस्तू स्वस्त, हा समज बाजारहाटातून आलेला आहे. मंडईत दहा रुपयांची जुडी वीस रुपयांच्या जुडीपेक्षा स्वस्त असते, कारण दोन्ही जुड्या साधारण सारख्याच असतात. कॉइनचे तसे नाही. बिटकॉइन एकूण २ कोटी १० लाखांच्या वर कधीच निघणार नाहीत. शिबा कित्येक लाख कोटी आहेत. एका कॉइनची किंमत बघून स्वस्त-महाग ठरवता येत नाही. कॉइनची संख्या गुणिले भाव, हा एकच गुणाकार करून बघायचा. बिटकॉइन अख्खेच घ्यावे लागते हाही गैरसमज यातूनच येतो. एका बिटकॉइनचे दहा कोटी भाग होतात आणि पाचशे रुपयांचेही घेता येते.

"नव्वद टक्के पडले, आता आणखी काय पडणार?"

याला ही मंडळी "डिप" म्हणतात. भाव पडला की थोडे आणखी घ्यायचे. शंभराचा भाव दहावर आला तर तो नव्वद टक्के पडला. दहाचा एकवर आला तर पुन्हा नव्वद टक्के पडला. दहावर "डिप" म्हणून घेतलेल्याचे रुपयातले नव्वद पैसे गेले. आणि उलट्या बाजूने, निम्म्यावर आलेल्याला मूळ जागी यायला दुप्पट व्हावे लागते, नव्वद टक्के पडलेल्याला दहापट. ॲपवर लाल आणि हिरवी टक्केवारी एकाच आकाराच्या अक्षरांत दिसते, म्हणून हा फरक डोळ्यांना जाणवत नाही.

लुना या कॉइनचे नाव आठवत असेल. एप्रिल २०२२ मध्ये ते ११५ डॉलरच्या वर होते. त्याचे जोडकॉइन यूएसटी नेहमी एक डॉलरला मिळेल असे आश्वासन होते. त्या आश्वासनामागे डॉलर किंवा सोने ठेवलेल्या तिजोरीपेक्षा एका नियमाचाच आधार मोठा होता: कोणी एक यूएसटी परत केले की त्याला एक डॉलर किमतीची नवी लुना काढून द्यायची. मे महिन्यात लोक यूएसटी सोडून पळू लागले. जितके पळाले तितकी नवी लुना निघाली. लुना वाढली तसा तिचा भाव पडला, आणि भाव पडला म्हणून पुढच्या माणसाला आणखी जास्त लुना द्यावी लागली. काही दिवसांत कॉइनची संख्या ३५ कोटींच्या आसपासवरून साडेसहा लाख कोटींवर गेली आणि भाव सेंटच्याही अगदी बारीक अंशावर आला. पन्नास डॉलरला, दहाला, एकाला, प्रत्येक पायरीवर "याहून खाली काय जाणार" म्हणून घेणारे लोक होते.

बिटकॉइन मात्र पडून पुन्हा वर आले, हे खरे आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये जवळपास ६९,००० डॉलर, एफटीएक्स हे क्रिप्टो एक्स्चेंज बुडाल्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये १६,००० च्या आसपास, डिसेंबर २०२४ मध्ये लाखाच्या पार, ऑक्टोबर २०२५ मध्ये सव्वा लाखाच्या वर आणि दीडच महिन्यात ८५,००० च्याही खाली. पण एक परत आले म्हणून सगळी येतात, असे नाही.

"लक्ष ठेवून आहे, पडायला लागले की विकेन"

शेअरबाजार साडेतीनला बंद होतो. निर्देशांक दहा टक्के पडला तर व्यवहार थांबतात, लोकांना श्वास घ्यायला वेळ मिळतो. क्रिप्टोचा बाजार चोवीस तास, दिवाळी-पाडव्यासह सगळे दिवस चालू असतो आणि त्याला असा थांबा नाही. १० ऑक्टोबर २०२५ च्या संध्याकाळी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी चिनी मालावर आणखी १०० टक्के आयातशुल्क जाहीर केले. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. सकाळी लोक उठले तोवर उसन्या पैशांवर केलेले सुमारे १९ अब्ज डॉलरचे सौदे जगभर आपोआप मोडले गेले होते.

"उसने" हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. दहा हजार रुपये ठेवून दहापट लिव्हरेज घेतले की सौदा एक लाखाचा होतो. भाव दहा टक्के उलटा फिरला की दहा हजार संपतात आणि ॲप तुम्हाला न विचारता सौदा बंद करते. नंतर तासाभरात भाव वर आला तरी तुमचा सौदा उरलेला नसतो. नवख्याने लिव्हरेजच्या बटणाला हात लावू नये, या मतावर मी ठाम आहे.

"माझे कॉइन माझ्या ॲपमध्ये सुरक्षित आहेत"

शेअर घेतला की तो डिमॅट खात्यात, एनएसडीएल किंवा सीडीएसएलकडे तुमच्या नावे असतो. ब्रोकर बुडाला तरी शेअर तुमचाच. बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे. क्रिप्टो एक्स्चेंजच्या ॲपवर जो आकडा दिसतो त्यामागची कॉइन बहुधा एक्स्चेंजच्या वॉलेटमध्ये, त्यांच्याच किल्ल्यांखाली असतात. तुमच्याकडे असते ती त्यांच्या वहीतली नोंद.

१८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजच्या वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरची कॉइन चोरीला गेली. ग्राहकांच्या एकूण मालमत्तेच्या ती जवळपास ४५ टक्के होती. कॉइन काढून घेणे बंद झाले आणि प्रकरण सिंगापूरच्या न्यायालयात गेले. व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. मधल्या पंधरा महिन्यांत बिटकॉइनने लाख डॉलरची पायरी ओलांडली. ज्यांची कॉइन अडकली होती, त्यांनी तो भाव नुसता पाहिला.

"पण सरकार कर घेते, म्हणजे मान्यता आहेच ना?" असे इथे हमखास विचारले जाते. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितले होते. ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले. कॉइन बाळगणे गुन्हा नाही. पण ते चलनही नाही, आणि शेअरच्या तक्रारी जशा सेबीकडे नेता येतात तशी सोय इथे नाही. मार्च २०२३ पासून एक्स्चेंजना वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी करावी लागते. ती काळा पैसा रोखण्यासाठी आहे. जाहिरातीतली "सरकारी नोंदणीकृत" ही अक्षरे तुमच्या पैशांची हमी देत नाहीत.

आणि महिन्याला ठरावीक परतावा कोणी कबूल करत असेल तर तिथे क्रिप्टोचा संबंध नावापुरता आहे असे समजा. गेनबिटकॉइन या योजनेने महिन्याला १० टक्के, दीड वर्षे, असे सांगितले होते. पुण्यासह देशभरात गुन्हे दाखल झाले, माणसे देशोधडीला लागली.

भाच्याने कर भरला. क्रिप्टो सोडले नाही, आणि मीही सोड म्हटले नाही. तो कमावता आहे, पैसा त्याचा आहे. एक काम मात्र मी त्याच्याकडून करून घेतले, तेच तुम्हालाही सांगतो. ज्या ज्या ॲपवर कधी ना कधी व्यवहार केला असेल, त्या प्रत्येकाचे पहिल्या दिवसापासूनचे स्टेटमेंट आजच उतरवून घ्या आणि स्वतःकडे जपून ठेवा. २०१८-१९ मध्ये भारतातली काही एक्स्चेंज बंद पडली. ॲपच उघडेनासे झाले तर खरेदीची किंमत दाखवायला तुमच्या हातात दुसरा पुरावा नसेल.