दुखते कानशील, कारण दातांत

झोपेत मूल करकर दात खाऊ लागले, की आजी म्हणते, "पोटात जंत झालेत." रागावलेल्या माणसाबद्दल मात्र आपण म्हणतो, "तो दात-ओठ खातो आहे." म्हणजे दात खाण्याचे मूळ कधी पोटात, तर कधी मनात शोधले जाते. त्याचा परिणाम कुठे होतो, ते आपण आपल्याच शरीरावर तपासू.

दोन्ही हातांची बोटे कानशिलांवर ठेवा आणि दाढा घट्ट आवळा. बोटांखाली फुगून टणक होतो तो टेंपोरॅलिस स्नायू. आता बोटे जबड्याच्या कोपऱ्याजवळ, गालांवर आणा. इथे फुगतो तो मॅसेटर. खालचा जबडा वर ओढणाऱ्या स्नायूंपैकी हे दोन प्रमुख. जबडा ही एक तरफच आहे आणि तिचा टेकू कानापुढच्या सांध्यात असतो. समोरच्या दातांपेक्षा दाढा टेकूला जवळ, म्हणून तेवढ्याच ओढीने दाढांवर अधिक बल पडते. सुपारी आपण दाढेखाली धरतो ती यामुळेच.

मग रोजच्या चावण्याने गाल का दुखत नाहीत? नाशिकचा चिवडा खाताना पाहा. दाणा फुटतो, जबडा उघडतो, पुन्हा मिटतो. दर वेळी स्नायू आकसतो आणि सैल होतो. सैल होताना त्याला ताजे रक्त मिळते. दात आवळून धरले, की ही उसंत मिळत नाही. आकसलेला स्नायू आपल्यातल्याच बारीक रक्तवाहिन्या दाबतो. प्राणवायू कमी पोहोचतो, टाकाऊ द्रव्ये साचतात आणि स्नायू थकून दुखू लागतो.

आता कानामागून छातीकडे तिरक्या उतरणाऱ्या स्नायूवर बोटे ठेवून दाढा आवळा. बहुतेकांना तिथेही ताण जाणवेल. सुमारे ४ ते ५ किलो वजनाचे डोके मानेवर तोललेले असते. जबडा जोराने मिटताना ते स्थिर राहावे म्हणून मानेचे स्नायूही ताठतात. शिवाय जबड्याकडून आणि मानेच्या वरच्या भागातून येणाऱ्या चेता मेंदूच्या बुंध्याजवळ एकत्र येतात. त्यामुळे एका जागचे दुखणे दुसरीकडे जाणवू शकते. डोके दुखणाऱ्या मुलाला चष्मा लागला असे आपण चटकन समजतो; कधी कधी कारण जबड्यात असते.

रात्रीचे दात खाणे झोप क्षणभर उथळ होते तेव्हा घडते. मुलांमध्ये ते बहुधा वयाबरोबर कमी होते. जंतांमुळे ते होते, याला ठोस पुरावा नाही. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळेत मिळणारी गोळी मुलांनी जरूर घ्यावी, पण ती जंतांसाठी.

दिवसाची सवय मात्र लक्षात आली तर मोडता येते. नाशिकच्या थंडीत सकाळच्या शाळेला आलेली मुले दात आवळून बसतात, गणिताच्या पेपरालाही तसेच. अशा वेळी वर्गात एवढेच सांगावे : ओठ मिटलेले, दात सुटे. खाण्या-गिळण्याचा वेळ सोडला, तर दातांमध्ये किंचित अंतर असणे हीच जबड्याची विश्रांती. तोंडात आपलीच तीन बोटे उभी मावत नसतील, जबडा अडकत असेल किंवा दात झिजलेले दिसत असतील, तर पालकांना बोलावून दंतवैद्याकडे जाण्यास सांगावे.