एका पंचरेखेवर अनेक कंठ

आपलें गायन बहुधा एका मुख्य कंठाचें. पाश्चात्त्य ‘फ्यूग’मध्यें मात्र अनेक कंठ समान अधिकारानें बोलतात. बाखच्या ‘वेल-टेंपर्ड क्लॅव्हिअर’च्या पहिल्या भागांतील (१७२२) पहिली फ्यूग चार कंठांची असून दोन पंचरेखांवर लिहिली जाते. संगणकावर ‘म्यूझस्कोर’मध्यें ती उतरवूं इच्छिणारांनीं आरंभींच कंठ वेगळे करावेत, असें आम्ही सुचवितों. एका पंचरेखेवर चार कंठांची सोय आहे. दोन कंठ असतां पहिल्याच्या दांड्या वर, दुसऱ्याच्या खालीं. निवडलेला स्वर अनुक्रमें निळा वा हिरवा दिसतो. प्रत्येकाच्या मात्रा स्वतंत्र मोजाव्या लागतात; जेथें स्वर नाहीं तेथें विराम. सारे स्वर एकाच कंठांत रचले, तर संवाद लोपून नुसता स्वरपुंज उरतो. फ्यूगच्या प्रारंभीं एकच कंठ गातो. इतरांचें मौनही ज्याचें त्याच्याच नांवें लिहावें लागतें.