‘राहणे’, ‘असणे’ आणि ‘जाऊन येणे’ : नागरिकत्वाच्या कायद्यातील वास्तव्याचा विचार

रावेर, सावदा, फैजपूर या केळीच्या पट्ट्यात मुलगा अथवा मुलगी अमेरिकेची नागरिक झालेली घरे आता अपवादात्मक राहिलेली नाहीत. एकवीस वर्षे पूर्ण केलेल्या नागरिक अपत्यास आपल्या आईवडिलांसाठी तेथील स्थायी निवासाची परवानगी मागता येते, आणि या नात्यास वार्षिक संख्येची मर्यादा नाही. त्यामुळे घर व शेती इकडे आणि ‘ग्रीन कार्ड’ तिकडचे, अशी द्विधा अवस्था उतारवयात पुष्कळांच्या वाट्यास येते. अशा घरांतून एक समज फार दृढ झालेला आढळतो : ‘सहा महिन्यांतून एकदा जाऊन आले म्हणजे झाले.’ हा समज अपुरा आहे. काही प्रसंगी तो घातक आहे. तो का उत्पन्न व्हावा, याचे एक कारण भाषेत आहे, आणि तेच प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे. आपण ‘राहणे’ या एका क्रियापदाने जे सांगून मोकळे होतो, त्याचे कायद्याने तीन निरनिराळे प्रश्न केले आहेत, आणि दीर्घ प्रवासाचा परिणाम त्या तिन्हींवर सारखा होत नाही.

प्रथम क्रियापदाकडे पाहू. ‘माझा भाऊ नाशिकला राहतो, पण सध्या तो दिल्लीस आहे,’ या वाक्यात कोणासही विसंगती वाटत नाही. ‘राहणे’ हे उपस्थितीवर अवलंबून नाही. ‘असणे’ हे आहे. शिवाय ‘राहणे’ या क्रियेत टिकून असण्याची छटा आहे. ‘काम राहिले’, ‘पाऊस पडत राहिला’ या प्रयोगांत ती स्पष्ट दिसते. म्हणूनच दहा महिने रावेरात काढूनही एखादे गृहस्थ ‘आम्ही मुलाकडे न्यू जर्सीला राहतो’ असे म्हणू शकतात, आणि व्याकरणदृष्ट्या त्यात काही खोटे नाही. कायदा मात्र येथेच थांबवून विचारतो : राहता म्हणजे काय करता?

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत भारतीयांच्या बाबतीत हा प्रश्न उपस्थित होण्यासही १९४६ साल उजाडावे लागले. १९२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या प्रकरणात भारतीय हे नागरिकत्वास पात्र अशा ‘गोऱ्या’ वर्गात मोडत नाहीत असे ठरविले होते. तेव्हा कितीही वर्षे वास्तव्य केले तरी त्याची किंमत शून्य होती. १९४६ च्या कायद्याने ती आडकाठी दूर केली. सध्याच्या नियमांचा पाया १९५२ च्या अधिनियमात आहे. त्यात वास्तव्याची जी व्याख्या दिली आहे ती लक्षणीय आहे : मनुष्याचे प्रत्यक्षातील मुख्य राहते ठिकाण, मग त्याचा हेतू काहीही असो. ‘मन तिकडेच आहे’ या उत्तरास येथे स्थान नाही.

पहिला प्रश्न सलगतेचा. नागरिकत्वाचा अर्ज करण्यापूर्वी स्थायी निवासी म्हणून पाच वर्षे सलग वास्तव्य हवे. नागरिक असलेल्या पती अथवा पत्नीसह संसार करणाऱ्यास तीन वर्षे पुरतात. या काळात सहा महिन्यांहून अधिक पण एक वर्षाहून कमी अशी एक गैरहजेरी झाली, तर सलगता तुटली असे कायदा गृहीत धरतो. हे गृहीतक पुराव्याने खोडता येते. तेथील नोकरी सोडलेली नाही, परदेशी नोकरी धरलेली नाही, जवळचे कुटुंबीय तेथेच आहेत, राहते घर आपल्यासाठी खुले आहे, अशा गोष्टी दाखवाव्या लागतात. मुलाच्या घरी एका खोलीत राहणाऱ्या आणि नोकरी नसलेल्या वडिलांना हा पुरावा जमविणे किती जड जाते, हे सांगावयास नको. २३ मार्च २०२० पासून भारतातील नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा बंद झाली आणि ती २७ मार्च २०२२ रोजी पूर्ववत झाली. मधल्या काळात इकडे अडकलेल्यांना सहा महिन्यांच्या गृहीतकाविरुद्ध ही अडचण सांगता येण्यासारखी होती. परंतु एक वर्षाची मर्यादा महामारीमुळे बदलली नाही.

ती मर्यादा कठोर आहे. गैरहजेरी एक वर्ष वा त्याहून अधिक झाली की सलगता तुटतेच. तेथे पुराव्याचा प्रश्न उरत नाही. मग परत आल्यापासून चार वर्षे आणि एक दिवस थांबावे लागते. हा ‘एक दिवस’ मोठा मार्मिक आहे. पाच वर्षांची खिडकी मागे सरकवून पाहिली असता, त्या दिवशी तिच्यात जुन्या गैरहजेरीचा एक वर्षास एक दिवस कमी इतकाच भाग उरतो. म्हणजे निश्चित भंगाची जागा पुन्हा गृहीतकाने घेतली. ते गृहीतकही टाळावयाचे असेल तर आणखी सहा महिने धीर धरणे श्रेयस्कर.

दुसरा प्रश्न ‘असण्या’चा, म्हणजे देहाने उपस्थित असण्याचा. येथे कायदा ‘सलग’ हे विशेषण सोडून ‘एकूण’ या विशेषणाकडे वळतो. पाच वर्षांपैकी निदान ३० महिने मनुष्य त्या देशात असला पाहिजे. निघण्याचा व पोहोचण्याचा असे दोन्ही दिवस तेथील उपस्थितीत धरतात. दर वर्षी पाच महिने रावेरात व सात महिने तिकडे, असा क्रम ठेवणाऱ्याची उपस्थिती पाच वर्षांत ३५ महिने होते. तो दोन्ही कसोट्यांस उतरतो. याउलट साडेपाच महिने इकडे, मग पंधरा दिवस तिकडे, पुन्हा साडेपाच महिने इकडे, असा क्रम धरला तर एकही फेरी सहा महिन्यांची होत नाही. परंतु पाच वर्षांत उपस्थिती अवघी पाच महिने भरते. ‘सहा महिन्यांतून एकदा’ हा नियम पाळणारा मनुष्य येथे नियम पाळूनच अपात्र होतो.

शेतकऱ्याच्या बाबतीत ही अडचण अधिक बोचरी आहे. जून-जुलैत लावलेली मृगबाग घड कापणीस येईपर्यंत वर्षभराचा काळ जातो. लावणी आणि कापणी दोन्ही स्वतःच्या डोळ्यांदेखत करावयाची म्हटले तर सहा महिन्यांची मर्यादा ओलांडली जाणार, किंवा मध्ये एक प्रवास करावा लागणार. केळीचे वेळापत्रक कायद्याच्या वेळापत्रकाशी जुळत नाही.

तिसरा प्रश्न नागरिकत्वाच्याही आधीचा आहे, तो म्हणजे स्थायी निवासाची परवानगी टिकली आहे काय? वर दिलेल्या क्रमातील खरा धोका येथे आहे. परदेशातील मुक्काम ‘तात्पुरता’ असेल तरच ती परवानगी टिकते, आणि ‘तात्पुरता’ या शब्दास कायद्याने दिवसांचे माप लावलेले नाही. जी हेतूची कसोटी वास्तव्याच्या व्याख्येतून हद्दपार केली, तीच येथे पुढच्या दाराने आत येते. परतण्याचा हेतू होता काय, कर तेथील रहिवासी म्हणून भरले काय, घरदार कोठे आहे, असे सारे पाहिले जाते. १८० दिवसांहून अधिक काळ बाहेर राहिलेल्या मनुष्यास कायदा ‘परत आलेला’ न समजता नव्याने ‘प्रवेश मागणारा’ समजतो. (सलगतेचे कलम महिने मोजते आणि हे कलम दिवस मोजते. १ जुलै ते १ जानेवारी हे सहा महिने १८४ दिवसांचे होतात, तर १ फेब्रुवारी ते १ ऑगस्ट हे लीप वर्ष नसताना १८१ दिवसांचे. दोन कलमांच्या सीमारेषा एकाच दिवशी पडत नाहीत, हे तिकीट काढताना ध्यानात ठेवावे.)

या ठिकाणी मराठी बोलणाऱ्याची एक सवय त्याच्या आड येण्याची शक्यता आहे. ‘जाऊन येणे’ या संयुक्त प्रयोगात ‘येणे’ हे क्रियापद मुक्कामाचे केंद्र दाखविते. ‘आम्ही अमेरिकेस जाऊन आलो’ असे म्हणणाऱ्याचे केंद्र रावेर आहे. ‘रावेरास जाऊन आलो’ म्हणणाऱ्याचे केंद्र अमेरिका. विमानतळावरील अधिकाऱ्याने कोठे राहता असे विचारले असता ‘आम्ही रावेरचे, मुलास भेटावयास येत असतो,’ असे सरळ मनाने दिलेले उत्तर भाषांतरित होऊन नोंदले गेले, तर तो वास्तव्य सोडल्याचा कबुलीजबाब ठरू शकतो. उत्तर खरेच द्यावे, हे उघड आहे. परंतु ‘रावेरचे असणे’ आणि ‘रावेरला राहणे’ या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे उत्तर देणाऱ्यास ठाऊक असावे. तसेच परवानगी स्वेच्छेने सोडण्याच्या कागदावर सही करण्याची सक्ती नसते, आपले प्रकरण न्यायाधीशापुढे मांडण्याचा हक्क असतो, हेही ठाऊक असावे. परवानगी गमावण्याची आणखी एक किंमत आहे. पंचावन्न वर्षे ओलांडलेल्या व पंधरा वर्षे स्थायी निवासी राहिलेल्या अर्जदारास इंग्रजीची अट नाही, आणि नागरिकशास्त्राची परीक्षा त्यास दुभाष्यामार्फत मराठीतूनही देता येते. वडीलधाऱ्यांना ही सवलत मोलाची असते.

वर्षाहून अधिक काळ बाहेर राहणे भाग असेल, तर ‘रीएन्ट्री परमिट’ मिळते. ते जास्तीत जास्त दोन वर्षांचे असते, आणि त्याचा अर्ज त्या देशात असतानाच करावा लागतो. ते परतीचा दरवाजा उघडा ठेवावयास साहाय्य करते; नागरिकत्वासाठीची सलगता मात्र वाचवीत नाही. अनेकांची गल्लत येथेच होते. सलगता वाचविण्याची सोय निराळी आहे, आणि ती मान्यताप्राप्त अमेरिकन संशोधनसंस्था, सरकार, परदेशी व्यापार करणाऱ्या अमेरिकन कंपन्या अशा मोजक्या सेवकवर्गापुरती आहे. आपल्या वाचकांपैकी कोणी तेथील विद्यापीठात स्थायी निवासी म्हणून काम करीत असून अहिराणीच्या क्षेत्रीय अभ्यासासाठी चौदा महिने खानदेशात घालविणार असेल, तर त्याने ही तरतूद आधी वाचावी. परवानगी मिळाल्यानंतर एक वर्षाची अखंड उपस्थिती तीस आवश्यक आहे, आणि अर्ज गैरहजेरीचे वर्ष भरण्याच्या आत पोहोचला पाहिजे. इतके करूनही ३० महिन्यांची अट संशोधकास माफ होत नाही.

हेतू शब्दार्थात धरावा की न धरावा, हा वाद आपल्याकडेही झाला आहे. संविधानाच्या सातव्या अनुच्छेदात १ मार्च १९४७ नंतर पाकिस्तानात स्थलांतर केलेल्यांचा विचार आहे. तेथील ‘स्थलांतर’ या शब्दात कायम राहण्याचा हेतू अभिप्रेत आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये शन्नो देवी प्रकरणात म्हटले. १९६६ मध्ये कुलाथिल मम्मू प्रकरणात त्याच न्यायालयाने ते मत बाजूस सारले. जाणे ऐच्छिक असावे आणि विशिष्ट कामासाठी अल्पमुदतीचे नसावे, एवढे पुरे, असा व्यापक अर्थ त्याने स्वीकारला. काही वर्षांच्या अंतराने एकाच शब्दाचे दोन अर्थ झाले, आणि त्या दोन अर्थांच्या मध्ये माणसांचे नागरिकत्व अडकले होते.

आपल्या १९५५ च्या नागरिकत्व अधिनियमातही ‘सलग’ व ‘एकूण’ यांची जोडी आढळते. देशीयीकरणाच्या सर्वसाधारण अटींनुसार अर्जापूर्वीचे बारा महिने सलग, आणि त्यामागील चौदा वर्षांपैकी एकूण अकरा वर्षे भारतात वास्तव्य लागते. रावेरच्या वाचकास याचा संबंध उलट दिशेने येईल. परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेताच भारतीय नागरिकत्व संपते. मग पूर्वीची शेतजमीन बाळगता येते, वारसाहक्काने येऊ शकते, पण नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. असा मनुष्य विदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून नोंदला गेला आणि पुढे मूळचे नागरिकत्व परत मागू लागला, तर त्या नोंदणीची पाच वर्षे आणि अर्जापूर्वीचे बारा महिने भारतात सामान्यतः वास्तव्य, अशी अट आहे. त्या बारा महिन्यांत नातवाच्या मुंजीसाठी तिकडे जावे लागले तर काय? २०१५ च्या दुरुस्तीने केंद्र सरकारला विशेष परिस्थितीत, कारणे लेखी नोंदवून, तीस दिवसांपर्यंतची सूट देण्याचा अधिकार दिला आहे. हे तीस दिवस एकाच फेरीचे असले पाहिजेत असे नाही. वेगवेगळ्या फेऱ्यांत विभागलेले चालतात.